सेवेची हुंडी कोणी वटवायची?

मुंबई-पुण्यात सामाजिक काम करणाऱ्या संस्थांना अलीकडे एका विशिष्ट विनंतीची सवय झाली आहे. अकरावी-बारावीत शिकणारा एखादा विद्यार्थी, बहुधा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेतला, सुटीत चार-सहा आठवडे ‘काही सेवाकार्य’ करू इच्छितो. काम कोणतेही चालेल. परंतु अखेरीस संस्थेच्या कागदावर प्रमाणपत्र मिळावे आणि त्यात ‘नेतृत्व’ व ‘पुढाकार’ हे शब्द आवर्जून असावेत, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा विनंती विद्यार्थ्याकडून येतच नाही. ती त्याच्या पालकांकडून किंवा पालकांनी नेमलेल्या प्रवेश-सल्लागाराकडून येते. कारण उघड आहे. मुलाला अमेरिकेतील एखाद्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश हवा आहे, आणि तेथे केवळ परीक्षेतील गुण पुरत नाहीत. समाजासाठी काय केले तेही सांगावे लागते.

या विनंतीला आपल्या कार्यकर्त्यांकडून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण श्रीमंतांचे चोचले म्हणून तिची टिंगल करतात आणि मुलाला दारातूनच परत पाठवतात. काही जण देणगीच्या आशेने किंवा भिडेखातर प्रमाणपत्रावर सही करून मोकळे होतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या बापाच्या उत्पन्नाबद्दल शिक्षा होते. दुसऱ्यात आपणच आपल्या कामाची किंमत कागदाच्या एका तुकड्याइतकी ठरवतो. प्रश्न मूठभरांचा आहे, हे खरे. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांवर गेली होती, पण त्यांत पदवीचे पहिले शिक्षण घेणारे सुमारे ३६ हजारच होते. परंतु सेवेचे मोल कोण ठरवतो आणि तिची हुंडी कोणाच्या नावाने वटते, हा प्रश्न मात्र मूठभरांचा नाही. म्हणूनच या पानावर त्याची चर्चा करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

चारित्र्याची परीक्षा कशी जन्मली

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत शिकतात, ती अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रवेश देतात. ज्यांच्यासाठी ही सारी धावपळ चालते ती हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांसारखी थोडी विद्यापीठे. तेथे शंभर अर्जदारांमागे चार-पाचांचीच निवड होते. ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा सामाईक अर्ज १९७५ साली १५ खासगी महाविद्यालयांनी सुरू केला. आज हजाराहून अधिक महाविद्यालये तो स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरचे दहा उपक्रम नोंदवण्याची सोय आहे. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची जागा. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षातील किती आठवडे, याचे रकाने. एखाद्या वस्तीत दोन वर्षे केलेले काम आणि एखाद्या छायाचित्रापुरते लावलेले रोप, दोन्ही त्याच १५० अक्षरांत मावतात. रकाना दिसला की तो भरून देणारा दलालही उभा राहतो, हा बाजाराचा नियमच आहे.

परंतु गुणांखेरीज ‘चारित्र्य’ पाहण्याची ही पद्धत मुळात का आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२२च्या सुमारास हार्वर्डमध्ये यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक झाले होते. ही बहुतेक स्थलांतरितांची, कष्टकऱ्यांची व छोट्या दुकानदारांची मुले. परीक्षेत ती पुढे येत. तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. तीवर टीका झाली आणि ती मागे पडली. मात्र १९२६पासून प्रवेशात ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्वाची पात्रता’ अशा निकषांना वजन देण्यात आले, आणि उघड मर्यादेने जे साधावयाचे होते ते या मवाळ शब्दांनी साधले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ या २००५ सालच्या ग्रंथात हा इतिहास साधार मांडला आहे. ज्यांना नको असलेले लोक दाराबाहेर ठेवायचे असतात, त्यांना मोजता येणारा निकष अडचणीचा आणि न मोजता येणारा निकष सोयीचा वाटतो. आपल्याकडे मुलाखतीचे गुण कोणाला मिळत आले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यावर भाष्य नको.

या इतिहासामुळे आजची पद्धत सर्वस्वी दुष्ट ठरते, असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या काळात याच व्यापक निकषांच्या आधारे कृष्णवर्णीय, लॅटिन आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी काही दारे किलकिली झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंशाचा विचार करून प्रवेश देणे अवैध ठरवले, तेव्हा त्यांतील एक दार बंद झाले. आजी-माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि मोठ्या देणगीदारांना मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने हलले नाही.

गुणवत्तेच्या वेशातील वारसा

त्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. प्रवेश-परीक्षेत सारखेच गुण मिळवलेल्या मुलांपैकी सर्वांत धनाढ्य एक टक्का कुटुंबांतील मुले या बारा नामांकित विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक, असा तिचा निष्कर्ष आहे. कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य, खेळाडूंची खास भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांचे मूल्यमापन. सेवा, छंद, नेतृत्व यांचा संचय ज्या रकान्यात होतो तो रकाना हाच. ज्या घरात मुलाच्या कमाईची गरज नसते, गाडी दारात असते, आणि आईवडिलांच्या ओळखीने कोणत्याही संस्थेचे दार उघडते, त्या घरात सेवा भराभर पिकते.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षेचे गुणच प्रमाण मानावेत. तेही खरे नव्हे. कोटा आणि लातूर येथील शिकवणी-वर्गांचा महाराष्ट्राला पुरेसा अनुभव आहे. लाखांची फी भरून मिळवलेले गुण हे निव्वळ बुद्धीचे माप नसते. वर्गीय समाजात प्रत्येक फूटपट्टी ज्याच्या हाती साधन आहे त्याच्याकडे झुकते. फरक इतकाच की गणिताचा पेपर श्रीमंताच्या मुलालाही स्वतः सोडवावा लागतो. सेवेचा अनुभव मात्र विकत घेता येतो, आणि त्याचा निबंधही दुसऱ्याकडून सजवून घेता येतो.

या व्यवहाराचे टोक २०१९ साली जगाने पाहिले. विल्यम सिंगर नावाच्या सल्लागाराने धनिकांच्या मुलांना खोटे खेळाडू बनवून, परीक्षांत गैरप्रकार करून, नामांकित विद्यापीठांत घुसवले. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणातील एक तपशील आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. लाचेची रक्कम देणगीच्या रूपाने ज्या धर्मादाय संस्थेच्या खात्यातून फिरवली जात असे, तिचा जाहीर उद्देश वंचित मुलांना शिक्षणात मदत करणे हा होता. म्हणजे वंचितांचे नाव घेऊन त्यांच्याच वाट्याची जागा विकली गेली आणि पालकांना त्यावर करसवलतही मिळाली. हा अपवादात्मक गुन्हा होता, हे मान्य. पण सहा आठवड्यांच्या सेवेचे खोटे प्रमाणपत्र देणारी संस्था त्याच रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला उभी असते, एवढे आपण विसरू नये.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लपवली जाते. अशा खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे ७० लाख रुपये आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी भरण्याची ऐपत न पाहता प्रवेश देणारी आणि नंतर पूर्ण साहाय्य करणारी महाविद्यालये अगदी थोडी. बाकीची बहुतेक ऐपत पाहूनच ठरवतात. सेवेचा निबंध कितीही हृदयस्पर्शी असला, तरी पुढे धनादेश वटावा लागतो.

सेवा कोणाची गरज भागवते?

अमेरिकेतील विचारी माणसांना हे सारे दिसत नाही, असे नव्हे. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र शाखेने जानेवारी २०१६ मध्ये ‘टर्निंग द टाइड’ हा अहवाल प्रसिद्ध केला आणि अनेक महाविद्यालयांच्या प्रवेश-अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. उपक्रमांची लांबलचक यादी नको. एकच काम निदान वर्षभर, मनापासून व इतरांच्या बरोबरीने केलेले असावे. ‘त्यांच्यासाठी’ करण्यापेक्षा ‘त्यांच्याबरोबर’ करणे महत्त्वाचे. आणि घरातील धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा कुटुंबासाठी नोकरी करणे हेही समाजकार्याइतकेच मोलाचे मानावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्या स्वागतार्ह आहेत. सामाईक अर्जातही घरची जबाबदारी आणि पगारी काम यांना आज जागा आहे. पण बाजार चतुर असतो. अहवालाने ‘सातत्य’ मागितले, तर सल्लागारांनी सातत्याचे वेळापत्रक नववीपासून विकायला काढले. मेरीलँड राज्याने १९९०च्या दशकात शाळा उत्तीर्ण होण्यासाठी ७५ तासांची सेवा सक्तीची केली. सक्तीच्या तासांनी मुलांना गरिबांचे दार दिसते, एवढा लाभ असू शकतो; परंतु तास मोजणे आणि काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ प्रश्न याहून जुना आहे. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे, उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यांत सेवा करू निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच यांनी एक कठोर भाषण केले. तुम्ही येथे पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांच्या जमिनीचा, कर्जाचा, सावकाराचा पत्ता नाही, त्यांचे भले करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा त्यांचा सवाल होता. तो आजही लागू आहे. नेपाळ आणि कंबोडियात आईबाप हयात असलेली मुले ‘अनाथ’ म्हणून वसतिगृहांत ठेवून परदेशी स्वयंसेवकांकडून पैसा मिळवण्याचे प्रकार युनिसेफसारख्या संस्थांनी उजेडात आणले आहेत. तेथे सेवेची मागणी आधी निर्माण झाली आणि तिला पुरवण्यासाठी अनाथ तयार करण्यात आले. भांडवली बाजाराने करुणेला स्पर्श केला की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मिसिसिपीचा उन्हाळा

मग सधन घरांतील तरुणांनी काहीच करू नये काय? अमेरिकेच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. १९६४च्या उन्हाळ्यात सुमारे हजार तरुण, बहुतेक गोरे आणि त्यांतील पुष्कळसे याच नामांकित विद्यापीठांतील, मिसिसिपी राज्यात गेले. कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करणे आणि त्यांच्या मुलांसाठी ‘स्वातंत्र्यशाळा’ चालवणे, हे त्यांचे काम होते. अशा चाळीसहून अधिक शाळा त्या उन्हाळ्यात भरल्या. स्वयंसेवकांनी स्वतःचा खर्च स्वतः करायचा होता आणि जामिनासाठी ५०० डॉलर जवळ बाळगायचे होते. मोहीम सुरू होतानाच, २१ जूनला, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तिघा कार्यकर्त्यांचा खून झाला. तरीही बहुतेक जण परत फिरले नाहीत.

या मोहिमेतील धाडस मोठे होतेच. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. काम काय करायचे ते या विद्यार्थ्यांनी ठरवले नव्हते. बॉब मोझेस यांच्यासारखे कृष्णवर्णीय संघटक आणि स्थानिक शेतमजूर कित्येक वर्षे तेथे झुंजत होते. कार्यक्रम त्यांचा, नेतृत्व त्यांचे, नियमही त्यांचे. येणाऱ्यांना आधी ओहायोत प्रशिक्षण घ्यावे लागले. ते स्थानिक कृष्णवर्णीयांच्या घरांत राहिले, त्यांच्या ताटात जेवले. आणि हेतू होता मताच्या अधिकाराचा, म्हणजे दुबळ्याच्या हाती सत्ता देण्याचा. त्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष नोंदले गेलेले मतदार थोडेच होते. परंतु १९६५च्या मताधिकार कायद्यामागे जे लोकमत उभे राहिले त्यात या मोहिमेचा वाटा होता. गोऱ्या मुलांच्या येण्याने देशाचे लक्ष वेधले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या मरणाने ते वेधले जात नव्हते, ही बोच स्थानिक कार्यकर्त्यांना होती, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा सेवा अर्थपूर्ण कशाने होते, याची कसोटी येथे सापडते. स्वयंसेवकाला काय वाटले, त्याचे मन किती हेलावले, हे गौण आहे. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनी ते मागितले होते काय, त्यांना ते थांबवण्याचा अधिकार होता काय, आणि स्वयंसेवक निघून गेल्यावर त्यांच्या हाती काही उरले काय, हे तीन प्रश्न मुख्य होत.

फावड्याची ताटातूट

समाजवादी चळवळीला ही कसोटी नवी नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी फावडे, मत आणि तुरुंग ही तीन प्रतीके सांगितली: रचना, लोकशाही राजकारण आणि अन्यायाविरुद्धचा संघर्ष. तिन्ही एकत्र असतील तरच प्रत्येकाला अर्थ. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले आणि सेवा दलाची तरुण मुले-मुली गावोगाव त्यांच्या विचारांचा प्रचार करीत होती. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९७२पासून ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालली, तेव्हा तरुण कार्यकर्ते गावांत जाऊन दलितांना पाणी कोठून भरावे लागते याची पाहणी करीत. दलितवस्तीसाठी वेगळी विहीर खोदून देणे सोपे होते आणि त्याचे छायाचित्रही चांगले आले असते. त्यांनी अवघड मार्ग घेतला: गावाची विहीर सर्वांची व्हावी, हा आग्रह धरला. पाणी देणे आणि पाण्याचा हक्क मिळवणे यांतले अंतर हेच दया आणि समता यांतले अंतर आहे.

प्रवेश-अर्जातील सेवा नेमकी येथे लंगडी पडते. तिने फावडे उचलले, पण मत आणि तुरुंग यांच्याशी त्याची ताटातूट केली. वस्तीतील मुलांना इंग्रजी शिकवावे, पण महापालिकेची शाळा का बंद पडली हे विचारू नये. किनारा साफ करावा, पण कचरा कोणाच्या कारखान्याचा याची चौकशी करू नये. अन्नदान करावे, पण रेशनचे धान्य कोठे गेले हे पाहू नये. ज्या सेवेने कोणाचीही झोप मोडत नाही, तीच अर्जात शोभून दिसते.

हे लोण श्रीमंतांच्या शाळांपुरते राहणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा, ही तिची अपेक्षा. तीत घडलेले अनेक कार्यकर्ते आपल्या चळवळींत आहेत. पण त्याच योजनेत हजेरीपटावरची झाडे किती आणि जगलेली किती, हा विनोदही जुनाच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजाशी संलग्न कामाला पदवीच्या श्रेयांकांत जागा मिळाली. उद्देश चांगला आहे. परंतु श्रेयांक आला की प्रमाणपत्राची टंचाई येते आणि टंचाईबरोबर दलाल येतो. अमेरिकी प्रवेशाच्या बाजारात जे घडले, त्याची स्वस्त आवृत्ती तालुक्याच्या गावीही निघू शकते.

दोन स्वयंसेविका

‘स्वयंसेवक’ या शब्दाचा दुसरा उपयोगही येथे पाहिला पाहिजे. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशा ही योजना आली. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा घरोघर जाऊन गरोदर स्त्रिया, बालके, क्षयरोगी यांची नोंद ठेवतात. कोविडच्या काळात त्यांनीच दारोदार ताप मोजला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. तरीही शासनाच्या लेखी ती कर्मचारी नाही. ती मानसेवी स्वयंसेविका. म्हणून तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन आहे. आणि ते वाढवून घेण्यासाठीही तिला २०२१ साली आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संप करावा लागला, आझाद मैदानात बसावे लागले.

एका बाजूला सहा आठवड्यांच्या कामाला ‘नेतृत्व’ म्हणून जगातील श्रीमंत विद्यापीठांची दारे उघडतात; दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांच्या कामाला ‘सेवा’ म्हणून वेतन नाकारले जाते. शब्द एकच; वरच्या वर्गासाठी तो भांडवल बनतो आणि खालच्या वर्गासाठी बेडी. पहाटे आईबरोबर धुणीभांडी करून महापालिकेच्या शाळेत जाणारी, संध्याकाळी धाकट्यांचा अभ्यास घेणारी मुलगी आपल्या आयुष्यात सेवा कोठे लिहिणार? तिच्याकडे ती आहे. तिला रकाना नाही. आणि रकाना मिळाला तरी तो भरायला शिकवणारा सल्लागार तिच्या आवाक्यात नाही.

आपण काय करावे

म्हणून आमची आपल्या विचारांच्या संस्थांना आणि कार्यकर्त्यांना काही स्पष्ट विनंती आहे. येणाऱ्या मुलाला परत पाठवू नका. पण त्याला आपल्या अटींवर घ्या. पहिली अट मुदतीची. निदान एक वर्ष, आठवड्यातून एक ठरलेला दिवस, परीक्षेचा काळ वगळून. ज्याला एवढे जमत नाही त्याने पाहायला, ऐकायला अवश्य यावे. त्याला सेवा म्हणू नये. दुसरी अट, काम वस्तीच्या समितीने, बचतगटाने किंवा संघटनेने ठरवावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाचा नवा ‘प्रकल्प’ काढू नये. असलेल्या कामात खालच्या पायरीवरून शिरावे. तिसरी, मुलांची व रुग्णांची छायाचित्रे नकोत. चौथी, विद्यार्थ्याच्या पालकांकडून त्या काळात देणगी घेऊ नये. हात दिला की जीभ बांधली जाते. पाचवी, प्रमाणपत्र द्यायचे तर त्यात विशेषणे नकोत. किती दिवस आला, काय केले, काय अपुरे राहिले, एवढे लिहावे, आणि सही करण्यापूर्वी ते वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवावे. सहावी अट सर्वांत महत्त्वाची: गट मिश्र असावा. आंतरराष्ट्रीय शाळेतील मुलाबरोबर महापालिकेच्या किंवा रात्रशाळेतील विद्यार्थी त्याच कामात समान दर्जाने असावा; त्याचा प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी संस्थेने द्यावी, आणि त्यालाही तसेच पत्र मिळावे.

कामाची वानवा नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली; मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण कायदा शाबूत राहिला म्हणून वस्तीतील आईला त्याचा अर्ज भरता येतो असे नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार, संगणकावरील नोंदणी, सोडत, मग शाळेची टाळाटाळ. प्रत्येक पायरीवर माणूस गळतो. या कामाला संगणक येणारा, इंग्रजी पत्र लिहिता येणारा, चिकाटीचा विद्यार्थी हवाच आहे. हे काम करताना एक दिवस त्याला प्रश्न पडेल: माझ्या स्वतःच्या शाळेत या २५ टक्क्यांचे काय झाले? ज्या दिवशी तो हा प्रश्न आपल्या मुख्याध्यापकांना विचारील, त्या दिवशी त्याची सेवा अर्थपूर्ण झाली असे आम्ही समजू. सोळा वर्षांच्या मुलाने तुरुंगात जावे, अशी आमची अपेक्षा नाही. पण ज्यातून काही लाभ व्हायचा तेथेच अप्रिय प्रश्न विचारणे, हा त्या वयाला झेपणारा सत्याग्रह आहे.

कोणी शंका घेईल की इतक्या अटी घातल्यावर कोणी येणारच नाही. पुष्कळ येणार नाहीत, हे खरे. त्यामुळे आपले नुकसान होत नाही. वस्तीचे तर मुळीच होत नाही. जे येतील त्यांच्यात हेतू मिश्र असतील. प्रवेशाची अभिलाषा असेल, तशीच कुतूहलाची आणि न्यायबुद्धीचीही ठिणगी असेल. आपल्यापैकी किती जण शिबिराला प्रथम गेले ते केवळ मित्र जात होते म्हणून! हेतूची शुद्धता दारात तपासता येत नाही. ती कामात घडते किंवा उघडी पडते.

त्याचबरोबर राजकीय मागण्या सोडून चालणार नाही. आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन मिळाले पाहिजे. श्रेयांकासाठी होणाऱ्या समाजकार्यात घरची जबाबदारी आणि मजुरी करणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम मोजले गेले पाहिजेत. आणि चांगले उच्च शिक्षण ही शंभरातल्या चौघांची चैन न राहता सार्वजनिक खर्चाने सर्वांना मिळाले पाहिजे. जागा विपुल असतील तर चारित्र्याचा लिलाव मांडण्याचे कारणच उरणार नाही.

येत्या सुटीच्या आत प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या संस्थांनी या अटींवर बैठक घेऊन निर्णय करावा, आणि तो वस्तीच्या भाषेत फलकावर लावावा. प्रमाणपत्र मागायला येणाऱ्याला तो फलक प्रथम वाचू द्यावा. वाचून जो आत येईल, तो आपला.